व्याह्यांचा ग्रंथ, आपले शास्त्र

पत्र : मी मूळची नगरची, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती; माझे सासरे पाळक होते. मुलगा अमेरिकेत युटा राज्यातील लीहाय या गावी नोकरी करतो आणि त्याची पत्नी मॉर्मन कुटुंबातली आहे. नातीच्या जन्मासाठी मी चार महिन्यांपासून इथे आले आहे. सूनबाई गुणी आहे. त्यांच्यात चहा वर्ज्य असूनही माझ्यासाठी रोज सकाळी आले किसून चहा करते. परंतु दर रविवारी संध्याकाळी व्याह्यांकडे जेवण असते आणि जेवणानंतर वाद होतो. ते म्हणतात, बायबल भाषांतरावर भाषांतर होत बिघडत गेले, म्हणून देवाने दुसरा ग्रंथ, 'मॉर्मनचे पुस्तक', दिला. मी गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडून दाखवते. मागच्या रविवारी ते म्हणाले, "मी गुडघे टेकून देवाला विचारले आणि मला उत्तर मिळाले, तुम्ही कधी विचारलेत का?" मला काही बोलता आले नाही. आता पुढच्या महिन्यात ते त्यांच्या मंडळीत नातीला आशीर्वाद देणार आहेत. मला तिचा बाप्तिस्मा आपल्या देवळात व्हायला हवा आहे. मुलगा म्हणतो, आई, आता पुरे. मी खरेच गप्प बसावे का? आणि त्यांना मिळालेले उत्तर खोटे असेल, तर माझी आई गेली त्या रात्री मला लाभलेली शांती खरी कशावरून?

ताई, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण मला तोच सर्वांत मोठा वाटला आणि त्यासाठीच मी हे पत्र बाजूला काढून ठेवले होते. त्याच्याकडे मी येणार आहे. तत्पूर्वी ग्रंथांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण व्याह्यांच्या दोन विधानांपैकी एक तपासता येण्याजोगे आहे आणि दुसरे तसे नाही. हा फरक लक्षात न आल्यामुळेच तुमचे रविवार वाया जात आहेत.

एक छोटी गोष्ट आधी. त्यांच्या मंडळीचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 2018 मध्ये सर्वांना विनंती केली होती की आम्हाला 'मॉर्मन' न म्हणता मंडळीच्या पूर्ण नावाने, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या नावासह ओळखावे. बोलताना एवढे पथ्य पाळा. ते ख्रिस्ती आहेत की नाहीत हा विषयही जेवणाच्या टेबलावर काढू नका. 325 च्या नायसिया परिषदेतून आलेली त्रैक्याची मांडणी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ते मानत नाहीत, हे तिघे त्यांच्या मते वेगवेगळ्या व्यक्ती आहेत, आणि म्हणून रोमन कॅथलिक मंडळीने 2001 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय दिला. भेद खरा आहे आणि मोठा आहे. पण जी सून येशूच्या नावाने जेवणाआधी प्रार्थना करते, तिच्यासमोर तिच्या वडिलांना 'तुम्ही ख्रिस्ती नाही' असे म्हटल्याने त्या भेदाविषयी कोणालाही काही नवे कळणार नाही.

आता बायबल बिघडल्याचा आरोप. त्यांच्या श्रद्धेच्या तेरा कलमांपैकी आठवे कलम असे आहे की बायबल जेथवर बरोबर भाषांतरित झाले आहे तेथवर ते देवाचे वचन आहे, आणि त्यांच्या ग्रंथातील 'पहिला नेफी' या भागाच्या तेराव्या अध्यायात बायबलमधून अनेक स्पष्ट आणि मोलाचे भाग काढून टाकले गेल्याचे सांगितले आहे. व्याही जे बोलतात ते त्यांच्या मनचे नाही. ते लहानपणापासून हेच शिकलेले आहेत. परंतु 'भाषांतरावर भाषांतर' ही कल्पनाच वस्तुस्थितीला धरून नाही, आणि हे समजावून सांगायला आपल्या मराठी बायबलाइतके चांगले उदाहरण नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते इंग्रजीवरून नव्हे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला. त्याची छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. तुमच्या सासऱ्यांच्या कपाटात जुने बायबल असेल तर ते रमाबाईंच्या बायबलाशेजारी ठेवून एखादा अध्याय वाचून पाहा. शब्द वेगळे आहेत, वाक्यांची ठेवण वेगळी आहे, तरी दोघांच्या मागे मूळ भाषांमधला तोच मजकूर उभा आहे. प्रत्येक जबाबदार भाषांतरकार पुन्हा मुळाकडे जातो. एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जात बिघडलेला हा निरोप नाही.

आणि मुळाचे काय? नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते, लहान तुकडे धरून, पाच हजारांहून अधिक आहेत. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळींचा पपायरसचा एक तुकडा आहे. तळहातात मावेल एवढा, कडा झिजलेला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आणि अभ्यासक तो सर्वसाधारणपणे दुसऱ्या शतकातला मानतात. जुन्या कराराविषयी बोलायचे तर 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत यशयाची सात मीटरांहून लांब अशी गुंडाळी सापडली, जी त्याआधी हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे एक हजार वर्षांनी जुनी होती. दोन्ही ताडून पाहिले तेव्हा शुद्धलेखनाचे असंख्य आणि शब्दांचे काही फरक निघाले, पण यशया तोच होता. हे व्याह्यांना सांगताना एक गोष्ट मात्र लपवू नका : मार्काच्या सोळाव्या अध्यायातील शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या प्रतींमध्ये नाहीत, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातील कथा सर्वांत जुन्या प्रतींत नाही, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याविषयीचे एक प्रसिद्ध वाक्य नंतर घुसलेले आहे. आपल्या संडे स्कूलमध्ये हे सांगत नाहीत. मीही पंधरा वर्षे शिकवले आणि सांगितले नाही, ही माझी चूक होती असे मला आज वाटते. कारण या जागा आपल्याला माहीत आहेत त्या पुष्कळ प्रती समोर ठेवून ताडता येतात म्हणूनच. जिथे ताडता येते तिथे भर पडलेली ओळखता येते. व्याह्यांच्या आरोपाला खरे उत्तर हेच आहे. त्यांच्या मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1830 नंतर स्वतः बायबलची दुरुस्ती केली, उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात योसेफ नावाच्या भावी द्रष्ट्याविषयी मोठी भर घातली; अशा मोठ्या भरींना जुन्या हस्तलिखितांत आधार सापडलेला नाही.

गलतीकरांस पत्राचे तुमचे शस्त्र मात्र म्यानात ठेवा. स्वर्गातल्या देवदूताने जरी वेगळे शुभवर्तमान सांगितले तरी तो शापित असो, हे पौलाचे वचन आहे आणि मोरोनी नावाच्या देवदूताने जोसेफ स्मिथ यांना ग्रंथ दाखवला ही त्यांची श्रद्धा आहे, म्हणून ते नेमके लागू पडते असे वाटते. पण व्याह्यांचे म्हणणे मुळी असे आहे की त्यांचे शुभवर्तमान वेगळे नाही, तेच आहे. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच आपण गृहीत धरतो. प्रकटीकरणाच्या शेवटच्या इशाऱ्याचेही तसेच; तो त्या एका पुस्तकाविषयी आहे, आणि अनुवादाच्या चौथ्या अध्यायात मोशेनेही भर घालू नका असे बजावले असताना त्यानंतर कितीतरी पुस्तके शास्त्रात आली. हैदराबादला असताना एका दुपारी पांढरा शर्ट आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेली दोन मुले माझ्या दारात आली होती. मी त्यांना बसवले आणि पाऊण तास हीच वचने ऐकवली. त्यातला एक, विशीही न ओलांडलेला तेलुगू मुलगा, खाली मान घालून ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "आंटी, थोडे पाणी मिळेल का?" भर उन्हात आलेल्या त्या मुलांना मी पाणीही विचारले नव्हते. त्या दिवसानंतर ते वचन मी कोणावर उगारलेले नाही.

जे माप आपल्या शास्त्राला लावले तेच त्यांच्या ग्रंथाला लावायला हरकत नाही, आणि तो तुमचा हक्क आहे. त्यांचा ग्रंथ मार्च 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे छापला गेला. इंग्रजी मजकुराचा माग उत्तम आहे. छापखान्यासाठी केलेली हस्तलिखित प्रत जवळजवळ संपूर्ण टिकली आहे आणि 2017 मध्ये त्यांच्या मंडळीने ती साडेतीन कोटी डॉलरना विकत घेतली. पण माग तिथेच संपतो. ज्या सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतर झाले ते पत्रे देवदूताला परत दिले गेले, असे स्वतः जोसेफ स्मिथ यांनी सांगितले आहे. त्यामुळे भाषांतर बरोबर की चूक हे पाहण्याचा मार्गच उरत नाही. तुमचा मुलगा राहतो त्या गावाचे नाव ज्याच्यावरून पडले तो लीहाय, यरुशलेमेहून सहकुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्याची कथा त्या ग्रंथात आहे. तिथल्या लोकांजवळ घोडे आणि पोलाद असल्याचे लिहिले आहे, परंतु कोलंबसपूर्व अमेरिकेच्या उत्खननांत त्याला आधार मिळालेला नाही. मूळ अमेरिकनांच्या वंशाविषयीचे शब्दही त्यांच्या मंडळीने 2006 मध्ये प्रस्तावनेत सौम्य केले : 'मुख्य पूर्वज' ऐवजी 'पूर्वजांपैकी' असे.

मूळ तपासता आले असे एक उदाहरण आहे, आणि ते जपून हाताळायला हवे. 1835 मध्ये जोसेफ स्मिथ यांनी काही इजिप्ती पपायरस विकत घेतले आणि त्यांवरून अब्राहामाचे पुस्तक दिले, जे आज त्यांच्या शास्त्राचा भाग आहे. त्या पपायरसचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापडले आणि 1967 मध्ये मंडळीला परत मिळाले. इजिप्ती लिपीच्या जाणकारांनी ते वाचले तेव्हा ते मृताच्या अंत्यसंस्काराचे मंत्र निघाले. अब्राहामाचे नाव त्यांत नव्हते. तुकड्यांवरील अक्षरे आणि छापलेले भाषांतर जुळत नाही हे त्यांच्या मंडळीने 2014 च्या निबंधात मान्य केले आहे, आणि हरवलेल्या भागात तो मजकूर असेल किंवा पपायरस केवळ प्रेरणेचे निमित्त झाले असेल, अशी स्पष्टीकरणे दिली आहेत. मला ती पटत नाहीत. पण व्याह्यांना हे ठाऊक असेल असे धरून चालू नका, आणि ठाऊक नसेल तर नात मांडीवर असताना त्यांना हे तुमच्या तोंडून कळू नये असे मला मनापासून वाटते. त्यांच्या बाजूचीही एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. सोन्याचे पत्रे पाहिल्याची सही करणारे तीन मुख्य साक्षीदार, ऑलिव्हर कॉडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस, हे तिघेही पुढे जोसेफ स्मिथ यांच्यापासून दुरावले आणि मंडळीबाहेर गेले (दोघे नंतर परतले), तरी आपण पाहिले नाही असे कोणीही म्हटले नाही. व्याह्यांच्या मनात या गोष्टीला फार मोठी जागा असणार, आणि ती क्षुल्लक नाही.

एवढे सगळे मांडूनही, ताई, काय हाती येते ते नीट पाहू या. पाच हजार हस्तलिखिते हे सांगतात की पौलाने काय लिहिले ते आपल्यापर्यंत बहुतांशी जसेच्या तसे पोचले आहे. पौलाने लिहिले ते देवाकडून होते हे ती सांगू शकत नाहीत. तिथे आपणही व्याह्यांसारखेच गुडघे टेकून बसलेले असतो. 1831 मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा ज्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकापर्यंत पोचते, त्याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले आहे की शास्त्र देवाचे आहे याची खात्री शेवटी पवित्र आत्म्याच्या अंतःसाक्षीनेच पटते. मग व्याह्यांच्या अंतःसाक्षीची थट्टा आपण कशी करावी? त्यांच्या ग्रंथातील 'मोरोनी' या शेवटच्या भागाच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे की प्रामाणिक अंतःकरणाने, ख्रिस्तावर विश्वास ठेवून देवाला विचारा, म्हणजे तो पवित्र आत्म्याद्वारे सत्य कळवील. अंतःकरण पेटल्याची साक्ष आपल्याही शास्त्रात आहे. अम्माऊसच्या वाटेवर उठलेल्या येशूचे बोलणे ऐकलेले दोघे शिष्य लूकच्या शेवटच्या अध्यायात दुसरे काय सांगतात?

माझा मतभेद त्या कसोटीच्या रचनेशी आहे. विचारल्यावर ज्याला होकार मिळाला त्याला सत्य कळले, आणि ज्याला मिळाला नाही त्याचे अंतःकरण पुरेसे प्रामाणिक नव्हते, असे झाले तर त्या कसोटीतून 'नाही' हे उत्तर कधी निघणारच नाही. बिरुया गावच्या लोकांची प्रेषितांची कृत्ये स्तुती करतात ती त्यांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि रोज शास्त्र उघडून ते ताडून पाहिले, या दोन्हींसाठी. 'तुम्ही कधी विचारलेत का?' याचे तुमचे खरे उत्तर 'नाही' असे असेल तर ते सरळ सांगा. मात्र त्याआधी तो ग्रंथ वाचा. तुमच्या पत्रावरून मला असे वाटले की तो तुम्ही उघडलेला नाही. सुमारे पाचशे पाने आहेत; सगळी जमली नाहीत तर तिसऱ्या नेफीतला ख्रिस्ताच्या दर्शनाचा भाग आणि शेवटचा मोरोनी एवढे तरी वाचा, सूनबाईकडून प्रत मागून घ्या. वाचताना प्रार्थना करायला भिऊ नका. प्रार्थना देवाला करायची आहे.

आता तुमची आई गेली ती रात्र. तुम्ही तिच्या उशाशी बसला होता, आणि जी शांती आली ती तुम्ही निर्माण केलेली नव्हती, असे तुम्ही लिहिले आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण त्या शांतीने तुम्हाला काय सांगितले याचा विचार करा. देव तिथे आहे आणि आई त्याच्या हाती आहे, एवढे सांगितले. मार्काचा शेवट कुठे होतो किंवा शास्त्रात पुस्तके सहासष्टच का, याविषयी ती काही बोलली नाही. व्याह्यांनी कधीतरी गुडघे टेकले आणि त्यांना जे मिळाले तेही मी खोटे म्हणणार नाही. देवाने त्यांना जवळ घेतले असेल. त्यावरून यरुशलेमेचे एक कुटुंब जहाजाने अमेरिकेला गेले, हे मात्र सिद्ध होत नाही. अनुभव ज्याचा झाला त्याचीच साक्ष देतो. पंढरपूरच्या वाटेवर पावसात चालणाऱ्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावरची शांतता मी पाहिली आहे आणि ती खोटी ठरवल्याशिवाय माझा विश्वास टिकणार नाही असे मला कधी वाटले नाही. तेव्हा तुमची शांती खरी ठरण्यासाठी व्याह्यांची खोटी असायला हवी, हे ओझे तुमच्या डोक्यावरून उतरवा. ते तुम्ही उगाच उचलले आहे.

माझ्यापुरते विचाराल तर मी बायबलवर विश्वास ठेवते तो कडेकोट ग्रंथ म्हणून नाही. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांच्या आत, उठलेल्या प्रभूला पाहणाऱ्यांची यादी देतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे लिहितो. जाऊन विचारता येतील अशी ती माणसे होती. त्या माणसांवर मी विश्वास ठेवला आहे, आणि माझ्या आयुष्यात तो विश्वास खरा उतरला आहे. याहून अधिक पुरावा माझ्याकडे नाही.

नातीविषयी. त्यांच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होत नाही. मोरोनीच्या आठव्या अध्यायात त्याचा कडक निषेध आहे, त्यामुळे तुमची मागणी सुनेच्या कानावर कशी पडत असेल याची कल्पना करा. ते बाळाला नाव आणि आशीर्वाद देतात आणि बाप्तिस्मा आठव्या वर्षी करतात. तुमचा मुलगा त्यांच्या मंडळीत नसल्यामुळे तो मान व्याह्यांकडे जातो. यात तुम्हाला सर्वस्वी परके असे काही आहे का? 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा त्यात बालबाप्तिस्मा मानणारे आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा मानणारे असे दोघेही एकत्र आले, आणि आपल्या मंडळीने दोन्ही रीती ग्राह्य धरल्या. म्हणजे बाळाला आधी समर्पणाची प्रार्थना आणि बाप्तिस्मा नंतर, हे आपल्याच घरात चालते. हेही ध्यानात घ्या की त्यांची मंडळी बाहेरचा कोणताही बाप्तिस्मा मानत नाही, तेव्हा नगरला बाप्तिस्मा झाला तरी पुढे काय व्हायचे ते त्याने थांबणार नाही. तुमची इच्छा मुलाला आणि सुनेला एकत्र बसवून एकदा सांगा, रडू आले तरी सांगा. निर्णय त्या दोघांचा आहे, तो त्यांच्यावर सोपवा. आशीर्वादाच्या दिवशी मात्र तिथे पहिल्या रांगेत बसा. आणि नात नगरला येईल तेव्हा आपल्या पाळकांकडून तिच्यासाठी प्रार्थना करवून घ्या, त्याला तुमची सून नाही म्हणेल असे मला वाटत नाही.

गप्प बसावे का, असे विचारले आहे. नाही, बसू नये. पण येत्या रविवारी ग्रंथ उघडू नका. व्याह्यांना विचारा की ते गुडघे टेकून बसले तेव्हा त्यांचे वय काय होते, कोणत्या गावी होते, नेमके काय घडले होते म्हणून त्यांना देवाला विचारावेसे वाटले. त्यांचे सांगून होईपर्यंत मध्ये एकही वचन काढू नका. मग आई गेली त्या रात्रीविषयी तुम्ही सांगा, मला लिहिले आहे तसेच, मराठीतच. आणि भाषांतर मुलाला करू द्या. चार महिने तो त्या टेबलावर तुम्हा दोघांच्या मध्ये नुसता बसून आहे.